रोबोची कुळकथा

मोर्शीच्या बागांत फळगळ झालेली संत्री झाडाखाली सडू लागली की त्यांवर चिलटं जमतात. बागायतदार जिला शिव्या घालतो ती फळमाशी वेगळी; ती धडक्या फळात अंडी घालते. चिलटाला आंबलेलंच लागतं. प्रयोगशाळेतली ड्रॉसोफिला या चिलटांच्या कुळातली. मज्जातंतूंचं एक कोडं तिच्यामुळं सुटलं.

वाढता मज्जातंतू आपली वाट कशी शोधतो, हा प्रश्न मात्र चिलटावरून सुरू झाला नाही. 1890 मध्ये स्पेनच्या रामोन इ काहाल यांना कोंबडीच्या गर्भात तंतूच्या टोकाशी एक शंकू दिसला. हाच चाचपडत पुढं सरकत असणार, हे त्यांनी मृत, रंगवलेल्या कापांवरून ताडलं! 1907 मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाचा तंतू जिवंत वाढताना दाखवला. 1963 मध्ये रॉजर स्पेरी यांनी वाटेवरच्या रासायनिक खुणांची कल्पना मांडली.

त्या खुणा शोधायला चिलट कामी आलं. बर्कलेत कोरी गुडमन यांच्या गटानं ज्यांचे तंतू वाट चुकतात अशीच चिलटं हुडकली. एरवी त्यांच्या मज्जारज्जूत बहुतेक तंतू मधली रेषा एकदाच ओलांडतात, परत फिरत नाहीत. 1993 मध्ये जाहीर झालेल्या एका वाणात तंतू रेषा ओलांडेचनात; दुसऱ्यात ते पुन्हा पुन्हा ओलांडून घिरट्या घालत. या दुसऱ्या वाणात बिघडलेल्या जनुकाला वाहतुकीच्या गोल चौकावरून ‘राउंडअबाउट’ म्हटलं गेलं, थोडक्यात ‘रोबो’.

उलगडा 1999 मध्ये झाला. मधल्या पेशी ‘स्लिट’ नावाचं प्रथिन सोडतात, तंतूच्या टोकावरचा रोबो, म्हणजे रोबो जनुकाचं प्रथिन, ते ओळखतो आणि तंतू मागं हटतो. मग तो पहिल्यांदा तरी पलीकडं जातो कसा? पहिल्या वाणात बिघडलेलं ‘कॉमिशरलेस’ हे जनुक रोबोला टोकापर्यंत पोचूच देत नाही. रेषा पार झाली की त्याचं काम थांबतं, रोबो टोकावर येतो आणि परतीची वाट बंद होते. या साऱ्या कथेतला हा डाव मला सर्वांत हुशार वाटतो.

रोबोच्या कथेचा एक धागा मुंबईतही आहे. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी 1962 मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. त्यांच्याकडं शिकायला 1977 मध्ये व्हेरोनिका रॉड्रिग्ज आल्या. जन्म नैरोबीचा, मूळ गोव्याचं. चिलटाच्या शृंगिकेतून मेंदूच्या गंधकेंद्रात शिरणारे तंतू आपली जागा रोबोच्या साह्यानं धरतात, हे त्यांच्या गटानं 2004 मध्ये दाखवलं.

त्याच वर्षी माणसाच्या एका रोबो जनुकातला बिघाड उघड झाला. तो असलेल्यांचे डोळे डावी-उजवीकडं फिरत नाहीत आणि पाठीचा कणा वाढत्या वयाबरोबर वाकत जातो.