साखरेवरून ओळखलेले यीस्ट

दोन बाटल्या घ्या. एकीत कोमट साखरपाणी घाला, दुसरीत तापवून कोमट केलेले, साखर न घातलेले दूध. दोन्हींत पावाचे यीस्ट चमचाभर टाकून तोंडाला फुगे बांधा. तास-दीड तासात साखरपाण्यावरचा फुगा उभा राहतो. दुधावरचा लोळतच पडतो. दुधातही साखर असतेच. तिचे नाव लॅक्टोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरा जोडून ती झालेली असते. पावाच्या यीस्टला हे दोन्ही सुटे तुकडे चालतात. जोड मात्र फोडता येत नाही.

यीस्टचे वर्गीकरण बऱ्याच अंशी अशाच चाचण्यांवर उभे राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळशी यीस्ट सारखीच, गोल किंवा लंबगोल दिसतात. मग कोण कोणती साखर आंबवते ते पाहायचे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे आल्बर्ट क्लायव्हर यांनी १९१४ सालच्या प्रबंधात हीच युक्ती उलटी वापरली. ओळखीची यीस्ट मिश्रणात सोडायची आणि निघालेल्या वायूवरून कोणती साखर किती आहे ते मोजायचे! पुढे डेल्फ्टमध्येच यीस्टच्या वर्गीकरणाचे मोठे काम झाले. साखरेची चाचणी हे यीस्टचे जणू रेशनकार्डच ठरले.

गॅलॅक्टोज पेशीत पचते कसे, याचा उलगडा अर्जेंटिनाच्या लुईस लेलोआर यांनी यीस्टवरच काम करताना केला. साखरांवरील संशोधनासाठी त्यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या पचनासाठी लागणारी जनुकेही पुढे एकेक करून ओळखली गेली.

तरीही एक प्रश्न राहतो. चाचणीत ‘नाही’ असे उत्तर आले, तर त्या यीस्टला ते कधी जमतच नव्हते, की पूर्वी जमत होते आणि पुढे सुटले? बाटलीवरचा फुगा हे सांगू शकत नाही. जनुके सांगतात.

सॅकरोमायसिस कुद्रियावझेवी हे पावाच्या यीस्टचे जवळचे नातेवाईक. जपानमध्ये कुजणाऱ्या पानांवर ते सापडले. त्याला गॅलॅक्टोज चालत नाही. २००४ साली अमेरिकेतील हिटिंगर, रोकास आणि कॅरल यांनी त्याचा जनुकसंच तपासला, तेव्हा गॅलॅक्टोजची सगळी जनुके आपापल्या जागी आढळली, पण मोडकळीस आलेली. गावातल्या ओसाड वाड्यासारखी : जोते ओळखू येते, भिंती उभ्या आहेत, छप्पर केव्हाच गेले आहे.

इथे वर्गात हमखास गफलत होते. ‘वापरले नाही म्हणून जनुक गेले’ असे आपण सहज बोलून जातो. न वापरल्याने जनुक झिजत नाही. त्यात बिघाड अधूनमधून होतच असतात. गॅलॅक्टोजवर जगणाऱ्या यीस्टमध्ये असा बिघाड झालेले वंश मागे पडतात; जिथे ती साखर मिळतच नाही, तिथे ते तगून राहतात.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. याच जातीचे यीस्ट पोर्तुगालमध्ये ओकच्या सालीवर सापडले आणि त्याची गॅलॅक्टोजची जनुके धडधाकट निघाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जनुकांची ही दोन्ही रूपे या जातीत फार दीर्घकाळ टिकून आहेत. नुसत्या पडझडीने हे घडणार नाही. नैसर्गिक निवडीने दोन्ही रूपे राखली असली पाहिजेत. म्हणजे एकाच जातीची दोन रेशनकार्डे! साखरेवरून जात ठरवणाऱ्याची इथे चांगलीच पंचाईत होते.

जनुके जातात, तशी बाहेरून येतातही. क्लायव्हर यांच्या नावावरून ज्या गटाला नाव मिळाले, त्या क्लायव्हरोमायसिसमधली एक जात लॅक्टिस, म्हणजे ‘दुधाची’. तिचा एक प्रकार दूध-चीजमध्ये राहतो, दुसरा फळमाश्यांच्या संगतीत. दुधातल्या प्रकाराकडची लॅक्टोज आत घेणारी आणि फोडणारी जनुके मूळची त्याची नव्हेत, असे २०१९ सालच्या संशोधनात दिसून आले. शेजारणीकडून विरजण आणावे तशी ती क्लायव्हरोमायसिस मार्क्सियानस या दुसऱ्या जातीकडून संकराने आली. हजारो वर्षांपूर्वी एखाद्या फळमाशीनेच हे यीस्ट दुधात आणून टाकले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. आजही दोन्ही प्रकार एकाच जातीत मोडतात. तक्त्यातल्या लॅक्टोजच्या रकान्यात मात्र एकापुढे ‘होय’ आहे, दुसऱ्यापुढे ‘नाही’.