येलहंका, सकाळचे ११.५०

मंगळवार, १९ फेब्रुवारी २०१९, सकाळ

महाराष्ट्रात शिवजयंतीची धामधूम. बंगळुरूच्या उत्तरेला, येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर घाई वेगळी आहे. उद्यापासून ‘एरो इंडिया’ हे विमानांचं प्रदर्शन. आज शेवटची तालीम. लातूर-नांदेडला लागून असलेल्या बीदरचं, हवाई कसरती करणारं हवाई दलाचं सूर्यकिरण पथक आपली लाल-पांढरी हॉक विमानं घेऊन आलेलं आहे. ही विमानं ब्रिटिश आराखड्याची, पण बांधलेली इथंच, बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल).

उड्डाणाआधी

उभ्या विमानाची गती शून्य आणि जमिनीपासून उंचीही शून्य. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्याप्रमाणे उत्तर लिहायचं तर गतिज ऊर्जा नाही, स्थितिज ऊर्जाही नाही. पण टाक्या भरलेल्या आहेत. १ किलो जेट इंधन जळलं की सुमारे ४.३ कोटी ज्यूल उष्णता देतं. टाकीत १,००० किलो इंधन धरलं तर ४,३०० कोटी ज्यूल. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे आकाशात जे काही दिसणार आहे ते याच्यापुढे फार लहान आहे.

काचेच्या छतावर एक नागमोडी रेघ दिसते. लांबून ती नक्षी वाटेल. ती स्फोटकाची बारीक दोरी आहे. वैमानिकाला बाहेर पडावं लागलं तर आधी ही रेघ फुटते आणि डोक्यावरच्या काचेच्या ठिकऱ्या होतात. आसनाखालीही दारू भरलेली काडतुसं आहेत, त्यांच्यापाठोपाठ रॉकेट. माणसाला वाचवणारी ऊर्जाही आधीपासून भरून ठेवावी लागते.

११.५० ला काही मिनिटं बाकी

विमानं हवेत. हिशेबासाठी ५ टनांचं विमान, ३०० मीटर उंची आणि ताशी ५४० किलोमीटर वेग धरू. हे त्या दिवशीचे नोंदलेले आकडे नव्हेत, पण कल्पना येण्यापुरते योग्य आहेत. उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा सुमारे १.५ कोटी ज्यूल भरते, वेगामुळे मिळालेली गतिज ऊर्जा ५.६ कोटी. एकूण ७ कोटींच्या आसपास. टाकीतल्या साठ्याचा हा सहाशेवा भाग.

कसरतीचं सगळं सौंदर्य या दोन ऊर्जांच्या अदलाबदलीत आहे. नाक खाली केलं की उंची घटते, वेग वाढतो. वर खेचलं की वेग घटतो, उंची वाढते. ताशी ५४० किलोमीटरचा सगळा वेग उंचीत बदलता आला आणि हवेनं काहीच हिरावलं नाही, तर विमान आणखी ११५० मीटर वर जाईल. प्रत्यक्षात हवा आपला वाटा घेतच राहते आणि इंजिन इंधन जाळून तो भरून काढत राहतं. वैमानिकाला हे सतत अंगात भिनलेलं लागतं: आत्ता माझ्याकडे किती उंची आहे, किती वेग आहे, आणि यातून पुढचं वळण निघेल का. सूर्यकिरणचे वैमानिक हे करतात ते शेजारच्या विमानापासून ५ मीटरच्या आसपास अंतर राखून. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं येतं आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे.

११.५० च्या सुमारास

दोन हॉक एकमेकांना लागतात.

इथं थोडं थांबायला हवं. ‘हवेत टक्कर’ म्हटलं की प्रचंड वेगानं दोन विमानं आदळल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण टक्करीत महत्त्व असतं ते सापेक्ष वेगाला. शेजारी शेजारी उडणारी दोन विमानं जमिनीवरून पाहताना सुसाट असतात, एकमेकांच्या दृष्टीनं जवळजवळ स्थिर. त्यातलं एक सेकंदाला ५ मीटर इतक्याच वेगानं दुसऱ्याकडे सरकलं, तर ५ मीटरचं अंतर १ सेकंदात संपतं. त्या स्पर्शात मोडतोडीला मिळणारी ऊर्जा फार तर ३१ हजार ज्यूल. १ टनाची मोटार ताशी २८ किलोमीटरनं भिंतीला धडकावी तेवढी. समोरासमोर येणाऱ्या विमानांचा सापेक्ष वेग याच्या ६० पट होईल, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढत असल्यामुळे ३,६०० पट.

तरीही हलका स्पर्श पुरतो. ३१ हजार ज्यूल हा त्या ७ कोटींचा २ हजारावा भागही नाही. पण तेवढ्यात शेपटी किंवा पंखाचं टोक निकामी होऊ शकतं, आणि मग उरलेल्या ऊर्जेला वळवणारं कोणी राहत नाही. विमान उडत असतं तेव्हा ते ७ कोटी ज्यूल वैमानिकाच्या मुठीत असतात. मूठ सुटली तरी ऊर्जा जवळजवळ तेवढीच असते.

पुढचे काही सेकंद

हवेचा विरोध सोडला तर ३०० मीटर पडायला ८ सेकंदही लागत नाहीत. एवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि आसनाची कळ खेचायची. काच फुटते, काडतुसं आणि रॉकेट आसनाला वर फेकतात, शरीर क्षणभर स्वतःच्या दहापटीहून जास्त वजन सोसतं. रासायनिक ऊर्जेची गती, गतीची उंची. मग छत्री उघडते आणि ती उंची हवेला थोडी थोडी देत माणसाला खाली आणते.

विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग जखमी झाले, पण वाचले. हरयाणातल्या हिसारचे विंग कमांडर साहिल गांधी गेले.

दोन्ही विमानं इस्रो लेआउट परिसराजवळ कोसळली. धातूचं वाकणं, मातीचं उडणं, आवाज, उष्णता यांत त्यांची गती संपली. आणि मग पेटलं ते टाकीतलं इंधन. दूरवरून लोकांना जो काळा धूर दिसला, तो त्याचा होता.

शनिवार, २३ फेब्रुवारी, दुपारी १२ च्या सुमारास

प्रदर्शन सुरू आहे, सुट्टीची गर्दी आहे. तळाबाहेरच्या मोकळ्या मैदानात प्रेक्षकांच्या मोटारी ओळीनं लावलेल्या. खाली वाळलेलं गवत. या वाहनांना ना वेग, ना उंची. पण एका मोटारीत २० लिटर पेट्रोल धरलं तर ६५ कोटी ज्यूल होतात. आकाशातल्या हॉकची गती आणि उंची यांची ऊर्जा एकत्र केली तरी तिच्या नऊपट. आणि वाळलेलं गवत म्हणजे पावसाळ्यापासून साठवलेलं ऊन.

गवत पेटतं. वाऱ्यानं आग एका मोटारीवरून दुसरीवर जाते, आणि जवळपास ३०० मोटारी जळतात. जीवितहानी होत नाही, हे मोठंच. कार्यक्रम काही काळ थांबतो. पाण्याचा मारा चालूच असतो. १ लिटर पाणी तापून वाफ होताना सुमारे २६ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि समोर एकेका गाडीत कोट्यवधी. आग आटोक्यात येते ती शेजारच्या न पेटलेल्या मोटारी हलवून मध्ये रिकामी जागा केल्यावर.