समुद्रावरचा संसार

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत समुद्राच्या गोष्टी निघाव्यात, याचे कुणालाही नवल वाटेल. इथे गोष्टी निघतात त्या तालमीच्या, कुस्तीच्या, नाहीतर फुटबॉलच्या. परंतु मालवणचा किनारा आणि सिंधुदुर्ग एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींच्याच अमलाखाली होते. १८१२ साली ते तहाने इंग्रजांकडे गेले आणि घाटावरच्या या राज्याचे समुद्राशी असलेले नाते तुटले. मग समुद्रप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वादळे तेवढी उभी राहतात. महिनोन् महिने शिडाच्या नावेवर राहणारा माणूस सकाळी उठून करतो काय, हा साधा प्रश्न मागेच राहतो.

त्याचे उत्तर एका मुंबईकर नावेजवळ आहे. तिचे नाव ‘सुहेली’. लांबी अवघी ३२ फूट. बांधणी मुंबईची, लाकूड सागवानी. १९६८ च्या जूनमध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तिच्यातून एकटाच निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून १९६९ च्या एप्रिलमध्ये परतला. असे करणारा तो पहिलाच मनुष्य. वाटेत पिण्याचे पाणी नासले, तेव्हा त्याने शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवले. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले, तेव्हा स्वतः बुडी मारून ते बुजवले. रेडिओ बंद पडला, तरी वाट सोडली नाही.

आपल्यापैकी कुणी असे एकट्याने जावे, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहत. त्यांच्या हाकेला ओ दिली कमांडर दिलीप दोंदे यांनी. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नाव तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन एवढेच मुक्काम घेऊन ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारे ते पहिले भारतीय.

अशा नावेवर एकट्या माणसाला सलग झोप मिळत नाही. थोडे निजायचे, उठून क्षितिजावर जहाज दिसते का ते पाहायचे, वाऱ्याचा कल जोखायचा, पुन्हा आडवे व्हायचे. वारा वाढला की शीड लहान करायचे, मग मध्यरात्र असो की पाऊस. दोर कुठे घासतो आहे का, हे रोज बोटांनी चाचपून पाहायचे. दुपारी न दिसलेली झीज रात्री दोर तोडते. शेगडी झुलती असते, म्हणून नाव कलली तरी पातेले सरळ राहते. स्वयंपाक करणाऱ्याने मात्र पाठ टेकवूनच उभे राहायचे. खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे पुरते वाळत नाहीत. अन्न चांगले झाले, तरी चांगले म्हणणारे कुणी नसते.

आणि रोजनिशी लिहायची. पूर्वेकडे जाणाऱ्या नावेला न्यूझीलंड सोडल्यावर वाररेषा लागते. ती मंगळवारी ओलांडली, तर उद्याही मंगळवारच! आठवड्यात दोन मंगळवार आल्याचे सांगावे, तर शेजारी ऐकणारे कुणी नाही. तिथे वार लिहून ठेवणे म्हणजे आपण माणसांतलेच आहोत, याची स्वतःला दिलेली ग्वाही.

पेठेतल्या पैलवानाला हे उमजायला वेळ लागणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात लोक टाळ्या देतात त्या निकाली कुस्तीला. पहाटेचे जोर आणि बैठका कुणी पाहिलेल्या नसतात. वादळाचेही तसेच. ते ज्या दिवशी येते, त्या दिवशी नवे काही शिकता येत नाही. आदल्या शंभर दिवसांत हाताला लागलेले वळणच तेवढे उपयोगी पडते. समुद्र ओलांडला जातो तो अशा रोजच्या, कंटाळवाण्या, कुणी न पाहिलेल्या कामांनी. आणि आपल्या घरोघरचे संसारही त्याच बळावर पैलतीराला लागतात.