दिल्लीतील काविळीची साथ (१९५५-५६) आणि नागरी जलशुद्धीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतातील नागरी पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा धरणे, तलाव आणि जलवाहिन्या यांच्या बांधणीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते धरण केव्हा पूर्ण झाले याची नोंद सापडते. परंतु ते पाणी रोजच्या रोज शुद्ध कसे राखले गेले आणि ही व्यवस्था कोठे अपुरी पडली, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. या दृष्टीने दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची साथ अभ्यासनीय ठरते. शुद्धीकरण केंद्र चालू असताना, पाण्यात क्लोरीन मिसळले जात असतानाही ही साथ उद्भवली. ती का उद्भवली आणि तिने जलशुद्धीकरणाच्या तत्कालीन धारणेला कोणते आव्हान दिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जिवाणूकेंद्री धारणा :
आधुनिक जलशुद्धीकरणाची घडण पटकी आणि विषमज्वर या जिवाणूजन्य रोगांशी लढताना झाली. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात एल्बे नदीचे न गाळलेले पाणी पिऊन सुमारे ८,६०० लोक पटकीने मृत्युमुखी पडले. त्याच नदीचे पाणी वाळूच्या थरातून गाळून घेणारे शेजारचे आल्टोना शहर मात्र बव्हंशी बचावले. पुढे १९०८ पासून अमेरिकेतील जर्सी सिटी येथे पाण्यात सातत्याने क्लोरीनयुक्त द्रव्य मिसळण्यास प्रारंभ झाला. गाळण आणि क्लोरीन या दोन उपायांनी अनेक शहरांतील विषमज्वर आटोक्यात आला. साहजिकच, ज्या पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू आढळत नाहीत ते पाणी सुरक्षित, अशी धारणा रूढ झाली. दिल्लीच्या साथीने नेमक्या याच धारणेची मर्यादा उघड केली.

साथीचा घटनाक्रम :
दिल्लीसाठी यमुनेचे पाणी वजिराबाद येथे उचलले जात असे. शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नजफगढ नाला याच ठिकाणाच्या खालच्या बाजूस यमुनेस मिळतो. १९५५ च्या पावसाळ्यानंतर नदीच्या प्रवाहाने जागा बदलली आणि नोव्हेंबर महिन्यात नाल्याचे पाणी उलट दिशेने उपसा-केंद्रापर्यंत पोहोचले. जलशुद्धीकरण केंद्रातील यंत्रणा गाफील नव्हती. पाणी बिघडल्याचे लक्षात येताच तुरटीचे व क्लोरीनचे प्रमाण वाढविण्यात आले. विषमज्वर वा आमांश यांची साथ आली नाही, यावरून जिवाणूंपुरता हा उपाय लागू पडला असेच म्हणावे लागते.

तथापि डिसेंबरच्या प्रारंभापासून शहरभर काविळीचे रुग्ण आढळू लागले. जानेवारी १९५६ पर्यंत चाललेल्या या साथीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज पाहणीतून काढण्यात आला. गर्भवती स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक होते. संसर्गानंतर आजार प्रकट होण्यास साधारणपणे पाच-सहा आठवडे लागत असल्याने, रुग्ण दिसू लागले तोवर दूषित पाणी नळांतून केव्हाच वाहून गेले होते. पाण्याची तपासणी आणि रोगाची वार्ता यांतील हे अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे.

कारणाचा उलगडा :
ही साथ दीर्घकाळ नेहमीच्या संसर्गजन्य काविळीची, म्हणजे आज ज्याला 'हिपॅटायटिस ए' म्हणतात त्या रोगाची, मानली गेली. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधक व त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी जतन केलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी करून हा समज खोडून काढला. तो विषाणू पुढे 'हिपॅटायटिस ई' या नावाने ओळखला गेला.

क्लोरीन विषाणूंवर परिणाम करीत नाही, असा याचा अर्थ नव्हे. त्याचा परिणाम मात्रा, संपर्ककाल आणि पाण्याचा गढूळपणा यांवर अवलंबून असतो. शिवाय सांडपाण्यातील अमोनियाशी संयोग होऊन क्लोरीनचे तुलनेने दुर्बल अशा क्लोरामाइनमध्ये रूपांतर होते. जिवाणू नष्ट करण्यास पुरेशी ठरलेली मात्रा विषाणूंना पुरेशी ठरेलच असे नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) मध्ये मुक्त अवशिष्ट क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम, तर विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असल्यास किमान ०.५ मिलिग्रॅम असावे, असे म्हटले आहे ते याचमुळे.

वितरणव्यवस्थेचा प्रश्न :
दिल्लीत दोष उगमाशी होता; जलवाहिन्यांनी तो शहरभर पोहोचविला. अनेक भारतीय शहरांत वाहिन्या स्वतःही दोषाचे उगमस्थान बनतात. दिवसातून काही तासच पाणी सोडले जात असल्याने उरलेल्या वेळी वाहिन्यांतील दाब नाहीसा होतो आणि गळक्या सांध्यांतून भोवतालचे सांडपाणी आत शिरते. अशा वेळी केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याची शुद्धता ही नळाच्या पाण्याच्या शुद्धतेची हमी राहत नाही.

निष्कर्ष :
जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये पाणलोटापासून ग्राहकाच्या नळापर्यंत प्रत्येक टप्प्यावरील धोका ओळखणाऱ्या 'जलसुरक्षा आराखड्या'चा पुरस्कार केला. दिल्लीच्या अनुभवाचे सार याहून वेगळे नाही. तरीही २०१५ च्या डिसेंबरात सिमल्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील दूषित पाणी अश्विनी खड्ड या ओढ्याच्या जलस्रोतात मिसळून याच रोगाची साथ आली. साठ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांवरून असे दिसते की, सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची वाट एकमेकींपासून दूर ठेवणे हे शुद्धीकरणाचे पहिले कर्तव्य असून रसायनांचे स्थान त्यानंतरचे आहे. पाणीपुरवठ्याच्या इतिहासलेखनाने बांधणीबरोबरच अशा अपयशांचीही नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.