डांबरी कागदाच्या वर्गातला संप

मंडळी, पन्नाशीच्या दशकातलं अमेरिकन हायस्कूल म्हटलं की आपल्याला सिनेमातले लॉकर आणि प्रॉम आठवतात. मला मात्र व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलचं मोटन हायस्कूल आठवतं. फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठीची ही शाळा १९३९ साली साधारण १८० जणांसाठी बांधलेली. १९५१ पर्यंत मुलं झाली ४५० च्या वर! मग आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून वर्ग उभे केले. पावसात छत गळायचं. थंडीत शेगडीजवळच्या मुलांना घाम, लांबची कोट घालून बसलेली. जिम नाही, प्रयोगशाळा नाही. गावातल्या गोऱ्यांच्या हायस्कुलात मात्र सगळं होतं.

२३ एप्रिल १९५१. १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या बेतानुसार मुख्याध्यापकांना खोटा फोन करून बाहेर पाठवलं गेलं (डोकं बघा पोरीचं!). सभागृहात मुलं जमली आणि संप ठरला. मागणी फक्त नव्या इमारतीची होती. वकील म्हणाले, वेगळ्या शाळाच नकोत म्हणत असाल तर लढू. मुलं, पालक तयार झाले. हा खटला पुढे १९५४ च्या प्रसिद्ध ब्राऊन निकालात सामील झाला.

जिंकले ना? पण काउंटीने १९५९ मध्ये सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कुलूप उघडलं १९६४ मध्ये. तेव्हा पहिलीत जाणारं ६ वर्षांचं पोर तोवर ११ वर्षांचं झालं होतं.