हापूसचे मानांकन आणि बागायतदारांची पत

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मंडणगड तालुक्यातील हापूसलाही ऑक्टोबर २०१८ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी ते देण्यात आले. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरी व देवगड येथील उत्पादकांच्या दोन सहकारी संस्था आणि मंडणगडशेजारचा केळशी परिसर आंबा उत्पादक संघ या चौघांच्या नावे त्याची नोंद आहे. मात्र मानांकन वापरण्यासाठी प्रत्येक बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. लहान बागायतदाराला हे काम एकट्याने जड जाते. तेथे संस्थेचा आधार लागतो.

मानांकन नावाचे रक्षण करते. भाव मिळतो तो दर्जाला. फळ चौदा आणे तयार झाल्यावरच उतरवावे लागते. विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने ते देठासह काढल्यास चिकाचे डाग पडत नाहीत. पाण्यात तरंगणारी कोवळी फळे वेगळी काढून उरलेल्यांची वजनानुसार प्रतवारी होते.

वाशीच्या बाजारात पेटी पाठविणाऱ्याला दर तेथे माल पोहोचल्यावरच कळतो. संस्थेमार्फत थेट ग्राहकाला विक्री केल्यास मधल्या साखळीचा वाटा बागायतदाराच्या पदरात पडू शकतो. परंतु हंगामाच्या आरंभीच्या चढ्या दरासाठी एकाने कोवळा माल पाठविला, तर पत सर्वांचीच जाते. म्हणूनच तोडणीची शिस्त हेच संस्थेचे खरे भांडवल ठरते.