भुजांवरून आकृतीची ओळख व क्षेत्रफळ

भुजांवरून आकृतीची ओळख हा भूमितीतील एक मूलभूत प्रश्न आहे. एखाद्या बंद आकृतीच्या केवळ भुजांची (बाजूंची) लांबी दिली असता ती आकृती कोणती, तिचा आकार निश्चित होतो की नाही आणि तिचे क्षेत्रफळ काढता येते काय, याचा विचार यात केला जातो. त्रिकोणाच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे, तर चौकोनाच्या बाबतीत ते नकारार्थी आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे जमिनीच्या मोजणीत चुका होत आल्या आहेत.

त्रिकोण

कोणत्याही तीन लांबींपासून त्रिकोण बनेलच असे नाही. त्यासाठी कोणत्याही दोन भुजांची बेरीज तिसरीपेक्षा अधिक असावी लागते. ३, ४ व ८ या लांबींच्या काड्या कशाही मांडल्या तरी त्यांची टोके जुळणार नाहीत. ही अट पूर्ण झाली, की त्रिकोण पूर्णपणे निश्चित होतो. तीन भुजा अनुक्रमे समान असलेले दोन त्रिकोण एकरूप असतात. शालेय पुस्तकांत यालाच ‘बाबाबा कसोटी’ म्हणतात. छपराच्या कैचीत त्रिकोणी रचना वापरण्याचे कारण हेच आहे. सांधे सैल असले तरी त्रिकोण आपला आकार सोडत नाही.

भुजांच्या समानतेवरून त्रिकोणाचे समभुज, समद्विभुज व विषमभुज असे प्रकार होतात. कोनांवरून केलेले प्रकारही कोनमापक न वापरता ओळखता येतात. सर्वांत मोठ्या भुजेचा वर्ग उरलेल्या दोन भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतका असेल तर त्रिकोण काटकोन, कमी असेल तर लघुकोन आणि अधिक असेल तर विशालकोन असतो. ५, ६, ७ या त्रिकोणात ४९ ही संख्या ६१ पेक्षा लहान आहे, म्हणून तो लघुकोन त्रिकोण होय. पायाची आखणी करताना गवंडी दोरीवर ३, ४ व ५ फुटांची मापे घेऊन काटकोन साधतात, तेव्हा ते पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यासच वापरत असतात.

हेरॉनचे सूत्र

क, ख, ग या त्रिकोणाच्या भुजा आणि अ ही त्याची अर्धपरिमिती असल्यास

क्षेत्रफळ = √[अ(अ − क)(अ − ख)(अ − ग)]

हे सूत्र अलेक्झांड्रियाचा हेरॉन (इ.स. पहिले शतक) याच्या ‘मेट्रिका’ या ग्रंथात सिद्धतेसह आढळते. अल् बिरूनीने मात्र त्याचे श्रेय आर्किमिडीजला दिले आहे. ‘मेट्रिका’चे हस्तलिखित १८९६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. त्यात हेरॉनने ७, ८, ९ भुजांचे उदाहरण घेतले आहे. त्याचे क्षेत्रफळ √७२० येते. ७२० चा जवळचा वर्ग ७२९, म्हणून पहिला अंदाज २७. मग २७ आणि ७२० ÷ २७ यांची सरासरी २६ ५/६. या संख्येचा वर्ग ७२० पेक्षा केवळ १/३६ ने अधिक आहे.

१३, १४, १५ भुजांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ √(२१ × ८ × ७ × ६) म्हणजे नेमके ८४ येते. पूर्णांकी उत्तरामुळे हा त्रिकोण ग्रीक व भारतीय अशा दोन्ही परंपरांत उदाहरणादाखल आलेला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही तो आहे.

सूत्र अचूक असले तरी फार चपट्या त्रिकोणात मापातील लहानशी चूक उत्तरात मोठी होऊन उतरते. १००, १०० व १९९ मीटर भुजांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे ९९४ चौ. मी. असते. मोठी भुजा अर्ध्या मीटरने चुकून १९९.५ मोजली गेली, तर ते सुमारे ७०५ चौ. मी. येते. म्हणून भूमापनात शेताचे त्रिकोण पाडताना अतिशय निमुळते कोन टाळतात.

चौकोन आणि त्याची अनिश्चितता

चार भुजांवरून चौकोन ठरत नाही. चारही भुजा २५ असलेली चौकट काटकोनात उभी केल्यास तो चौरस होतो व क्षेत्रफळ ६२५ भरते. तिचे समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले, की समभुज चौकोन मिळतो. कर्ण ३० व ४० असताना त्याचे क्षेत्रफळ ६०० असते आणि कर्ण १४ व ४८ असताना ३३६ असते. ही तिन्ही उत्तरे ‘लीलावती’त (इ.स. ११५०) दिलेली आहेत. लंब किंवा कर्ण यांपैकी काहीही न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर, आणि त्याहून अधिक ते सांगू पाहणाऱ्यावर, भास्कराचार्यांनी तेथे कठोर टीका केली आहे. गणिताच्या ग्रंथात इतका त्रागा क्वचितच आढळतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.

टीकेचा रोख जुन्या नियमांवर होता. ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ (इ.स. ६२८) या ग्रंथात दोन नियम दिले आहेत. स्थूल क्षेत्रफळासाठी समोरासमोरच्या भुजांच्या सरासरींचा गुणाकार करावा. सूक्ष्म क्षेत्रफळासाठी अर्धपरिमितीतून चारही भुजा स्वतंत्रपणे वजा करून आलेल्या बाक्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. एक भुजा शून्य मानल्यास दुसऱ्या नियमातून हेरॉनचे सूत्रच मिळते. मात्र हा नियम केवळ चक्रीय चौकोनास, म्हणजे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनास, लागू पडतो आणि ब्रह्मगुप्ताने ही अट शब्दांत सांगितलेली नाही. लगतच्या श्लोकांतील परिवर्तुळाच्या विवेचनावरून त्याच्या मनात चक्रीय चौकोनच असावा, असे सामान्यतः मानले जाते. केरळमधील ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मलयाळम ग्रंथात या सूत्राची सिद्धता आहे. कोणत्याही चौकोनासाठीचे सूत्र ब्रेटश्नायडरने १८४२ मध्ये मांडले. त्यात भुजांबरोबर समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीजही लागते.

दिलेल्या चार भुजांच्या सर्व चौकोनांत चक्रीय चौकोनाचे क्षेत्रफळ सर्वांत अधिक असते. त्यामुळे ब्रह्मगुप्ताचे सूत्र निदान कमाल मर्यादा तरी सांगते. स्थूल नियम मात्र आयत सोडून प्रत्येक चौकोनात प्रत्यक्षाहून अधिकच उत्तर देतो. इजिप्तमध्ये एडफू येथील मंदिराच्या कोरीव लेखांत जमिनींची क्षेत्रफळे याच नियमाने काढलेली आहेत. क्षेत्रफळावर सारा आकारला जात असेल, तर या चुकीचा भार नेहमी शेतकऱ्यावरच पडतो.

मोजणीतील उपाय

चौकोनी तुकड्याचा एक कर्ण मोजला, की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि अनिश्चितता संपते. क्रमाने १३, १४, २० व २५ मीटर बांध असलेल्या तुकड्याचा पहिल्या दोन बांधांसमोरील कर्ण १५ मीटर भरला, तर एक त्रिकोण ८४ व दुसरा (१५, २०, २५ असा काटकोन) १५० चौ. मी. होतो. एकूण क्षेत्रफळ २३४ चौ. मी. येते. याच बांधांवर स्थूल नियम वापरल्यास ३२१.७५ आणि ब्रह्मगुप्ताचे सूत्र वापरल्यास सुमारे २९८.४ चौ. मी. मिळते. एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, सुमारे १०१ चौ. मी.; म्हणजे कर्ण न मोजता स्थूल नियमावर विसंबल्यास एवढ्याशा तुकड्यात जवळजवळ एका गुंठ्याचा फरक पडतो.

खोलीची आखणी काटकोनात आहे की नाही हेही कर्णांवरूनच तपासतात. समोरासमोरच्या भुजा समान असून दोन्ही कर्णही समान असतील तर आकृती आयत असते. कर्ण असमान भरल्यास ती समांतरभुज चौकोन असते. पाच किंवा अधिक भुजांच्या क्षेत्रात एकाच शिरोबिंदूपासून कर्ण टाकून त्रिकोण पाडतात; क्षेत्राला आत वळलेला कोपरा असल्यास कर्ण क्षेत्राबाहेर जाणार नाहीत अशा बेताने त्यांची निवड करावी लागते.